पेटीतला कॉम्प्युटर

धाकटीच्या कॉम्प्युटरला बाबांनी टेबलाखाली पेटी करून दिली, ती साधीसुधी नव्हे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. लेक एकदा सहज म्हणाली की कॉम्प्युटरच्या डब्यावर धूळ बसते, तर यांनी दाराला रबराची पट्टी लावली, वायरींच्या भोकातसुद्धा स्पंज कोंबला. मुंगीची काय बिशाद आत शिरायची. शेजारीपाजारी बघून वाहवा करून गेले. हवेचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कौतुकाच्या भरात धाकटीच्याही नाही. आणि गंमत अशी, की घरातली निम्मी धूळ बाबांच्याच पॉलिशपेपरची होती. बाहेरच्या खोलीत त्यांचं घासणं दिवसभर चालूच असे.

कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला, तेव्हा धाकटी पेटीचं दार उघडं ठेवू लागली. बाबा येता-जाता गुडघ्याने हलकेच लोटून ते लावून टाकत.

"मेहनतीने केलंय गं. लावत जा की."

यावर कोण काय बोलणार? आई गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाशी भांडलंच नव्हतं. थोरली लग्न करून लांब गेली होती. धाकटी घरात बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायची, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हिला कुठं जायचंच नाही." असं ती कधी म्हणाली नव्हती. पण तिने ते खोडूनही काढलं नव्हतं, आणि आता फार उशीर झाला होता.

त्या दुपारी तिची परीक्षा होती. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने तिला एका इमारतीचा नकाशा काढून द्यायला सांगितला होता, संध्याकाळच्या आत. जमला तर नोकरी, आणि नोकरी मिळाली तर सुटका. हा शब्द मनात आला की तिला स्वतःची लाज वाटे, पण दुसरा सापडत नव्हता. बाबांना तिने नेहमीचंच काम आहे म्हणून सांगितलं होतं.

जिना काढून होत आला होता, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

तिने दार उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली. डबा ओढायला गेली तर बोट घालायला जागा नाही. बाबांचं माप चोख. शेवटी स्टीलची पट्टी सारून, नख मोडून घेऊन तिने तो बाहेर काढला. बाजूचं झाकण उघडलं तर पंख्यावर लाकडाच्या पिवळसर भुशाचा जाड थर. दार उघडलं की थोडी धूळ आत जायची आणि तिला परत बाहेर यायला वाट नव्हती. एका बोटाने पंखा धरून तिने रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं, डबा उघडाच ठेवून त्याच्यावर टेबलफॅन सोडला. नकाशा वेळेत गेला.

मग बाबा आत आले आणि रिकाम्या पेटीकडे बघत उभे राहिले.

"बाबा, याला आत हवा मिळत नाही. तापतो."

"मग आधी बोलायचंस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वेडी आहेस का? मला सांगायला कसली चोरी?"

आणि बाबा ड्रिल घेऊन बसले. बाजूच्या फळीला भोकांच्या सरळ रांगा, त्यावर बारीक जाळी, वरच्या अंगाला एक छोटा पंखा. इतके खुशीत ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. डबा परत आत गेला, सुरू झाला, गार राहिला.

"आता ही भिंतीला पक्की करून टाकतो. टॉर्च धर."

बाबा टेबलाखाली पाठीवर आडवे झाले. धाकटी टॉर्च घेऊन शेजारी बसली, तेवढ्यात फोन थरथरला. कंपनीला नकाशा आवडला होता. पुढच्या महिन्यात रुजू व्हा, उद्यापर्यंत होकार कळवा.

"कुणाचा गं?"

आत्ताच सांगायचं, तिने ठरवलं. मघाशी किती सोपं गेलं होतं. तिने तोंड उघडलं.

"तू आहेस म्हणून हे हात चालतात बघ," दातांत धरलेला स्क्रू काढत बाबा म्हणाले. "नाहीतर मी कुणासाठी काय करणार होतो?"

तिने फोन पालथा ठेवला.

"कुणाचा नाही."

"मग नीट धर की. भोक दिसत नाही."

तिने टॉर्च जवळ नेला. बाबांनी पहिला स्क्रू पार आतपर्यंत पिळला.