शताक्षीपाशी बिघडलेलं सूत

मी सांगत होते. खदखदून सांगत होते, फेस काठावर आणून सांगत होते, सगळी खोली वाफेनं भरून टाकली तरी सांगतच होते. कुणाचा विश्वास बसला नाही. उलट माझ्याच माथी मारलं. म्हणे, कढई बिघडली!

मी तीच कढई बोलतेय. तांब्याची. स्वयंपाकाची नव्हे, सूत रंगवायची. एक माणूस मांडी घालून बसेल एवढं माझं पोट आहे. आजवर माणसांची तोंडं चालली आणि मी गप्प राहिले. आता माझं ऐका.

मला घडवणारा तांबट बोलायचा कमी, ठोकायचा जास्त. त्याच्या हातोडीचे वण अजून माझ्या अंगभर आहेत. बघणारे म्हणतात, काय सुंदर नक्षी! ज्यानं मार खाल्ला नाही, त्याला नक्षीच दिसणार.

तिथून मी आले ती रंगाऱ्याच्या घरी. मागच्या खोलीत चूल, कोपऱ्यात पाण्याची टाकी, वर लडी वाळत घालायच्या काठ्या आणि फरशीवर कधीही न निघणारे डाग. मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल ही या घराची ख्याती. पण तो रंग भारी नखरेल. मंद आचेवर हळूहळू तापला तर डाळिंबाच्या दाण्यासारखा उतरतो. उकळी लागली की संपलं. लालाचं विटकरी होतं आणि विटकरीचं मातकट. मग डोकं आपटा, परत येत नाही.

आता वेळ कशी कळायची? या घरात घड्याळाला कुणी विचारत नाही. पाणी ठरलेलं, लाकडं ठरलेली आणि देवीची नावं ठरलेली. लडी आत सोडल्या की चुलीपाशी उभी असलेली बाई नावं घ्यायला लागते. एका श्वासाला एक नाव. घाई नाही, रेंगाळणं नाही. शेवटचं नाव झालं की लडी बाहेर. सासूनं सुनेला शिकवलं, तिनं तिच्या सुनेला. अर्थ कुणी शिकवला नाही, कुणी विचारलाही नाही.

माझ्या दुसऱ्या मालकिणीला सगळी गल्ली जमादारीण म्हणते. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती कुणाची? लडी पिळायला येणारी मावशी तर म्हणायची, "कोंबडासुद्धा हिला विचारून आरवतो." पण माझ्याशी ती नीट वागली. चिंच लावून घासायची, पालथी घालून पुसायची. तिचा हात मला आवडायचा, खोटं का बोलू?

पुढे तिला खोकला लागला. वाफेत उभं राहवेना. तेव्हा सून आली चुलीपाशी. बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. हिची आई हिला लहानपणी एकेका नावाची गोष्ट सांगायची. दुपारी ओसरीत लडी सोडवताना ही पिळणाऱ्या मावशीला सांगत बसे.

"अपर्णा म्हणजे जिनं तपाला बसल्यावर झाडाचं पानसुद्धा खाल्लं नाही."

"म्हणजे माझीच बहीण की!" मावशी म्हणाली. "आमच्या घरी महिनाअखेरीला सगळ्याच अपर्णा."

"आणि शाकंभरी म्हणजे जिच्या अंगातून भाज्या उगवल्या."

"तिला म्हणावं, आमच्या परसात एकदा येऊन बस."

जमादारीण आतून ओरडायची, "नावं घ्यायची असतात, चघळायची नसतात! अर्थात शिरलीस की लय जाईल, आणि लय गेली की सूत जाईल." ओरडायची खरी. पण ओरडून झालं की दारामागेच उभी राहायची. मला चुलीवरून तिच्या पदराचं टोक दिसायचं.

मग तो दिवस आला. विणकराचं मोठं काम होतं. एका थानासाठी सगळं सूत एकाच लालात हवं होतं. जमादारीण खोकत खोकत स्टूल घेऊन चुलीपाशी येऊन बसली, लक्ष ठेवायला. सुनेनं लडी सोडल्या, नावं सुरू केली. मी हळूहळू तापत होते. रंग झकास चढत होता. सून शताक्षीपाशी आली.

"ही माझी," जमादारीण ऐटीत म्हणाली. "शंभर डोळ्यांची. एक कामचुकार सुटायचा नाही हिच्या नजरेतून."

सुनेच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो आई. ते डोळे रडायला आहेत."

"काय?"

सून चपापली आणि पुढचं नाव घ्यायला लागली.

"थांब. काय म्हणालीस?"

आता सासूनं थांब म्हटल्यावर सून काय करणार? थांबली. म्हणाली, "दुष्काळ पडला होता. माणसं, गुरं, सगळी वाळून चालली होती. ते बघून तिला रडू आलं. दोन डोळे पुरेनात, म्हणून तिनं अंगभर डोळे उघडले आणि रडत राहिली. त्या पाण्यानं नद्या भरल्या."

 जमादारीण हळूच म्हणाली, "आणि कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही?"

सुनेला कळलं नाही ती असं का विचारतेय. मला कळलं. खूप वर्षांपूर्वी जमादारणीची धाकटी मुलगी तापानं गेली, त्याच आठवड्यात हिला माझ्यासमोर उभं केलं होतं. नावं घेताना हिचा आवाज फुटला, तर हिची सासू म्हणाली होती, "गप्प बस, सूत बिघडेल." हिनं ओठ आवळले आणि सगळी नावं कोरडी घेतली. शताक्षीसुद्धा. त्या दिवशीचा लाल फार सुरेख आला होता. लोकांनी नावाजला होता.

"पुन्हा सांग," जमादारीण म्हणाली.

सुनेनं पुन्हा सांगितलं. आणि ही बाई, जिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, ती पदरात तोंड खुपसून रडायला लागली. सून तिच्याजवळ फरशीवर बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. मी खदखदले. फेस आणला. माझ्याकडे बघायला कुणाला सवड होती? त्यांचं लक्ष गेलं तेव्हा लडी विटकरी झाल्या होत्या.

विणकरानं सूत बघितलं आणि न बोलता परत ठेवून गेला. बोलला असता तर बरं. जमादारणीच्या नवऱ्यानं, म्हणजे घरच्या मालकानं विचारलं, "काय झालं?" जमादारीण खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कढईचं बूड पातळ झालंय. लवकर तापते." आणि सून? मान खाली. सासूचं रडणं चव्हाट्यावर मांडायचं नाही म्हणून गप्प बसली. चांगुलपणा तिचा आणि मरण माझं!

मला अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. चुलीवर स्टीलचं चकचकीत पातेलं आलं. त्यात सूत लाल उतरलं. उतरणारच, मधे कुणी थांबवलं नव्हतं. पण मालकाला पुरावा मिळाला. "बघा, कढईच नासली होती." त्यानं मोडवाल्याला निरोप धाडला. मोडीत जाणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. वितळवतात. मग ते वणही उरत नाहीत.

मोडवाला आला. मला उलटी केली, बुडावर बोटं वाजवली, कान लावला. "मालक, बूड चांगलं जाड आहे की. एवढा दणकट माल मोडीत?"

"मग रंग का गेला?" मालक म्हणाला.

सून दारात उभी होती. "बाबा, कढई नका देऊ. चूक माझी आहे. मी मधे थांबले."

"थांबलीस? का?"

तिची नजर आतल्या दाराकडे गेली.

"झोप लागली होती? की गोष्टी सांगत होतीस? उद्यापासून चुलीला हात लावायचा नाहीस. लडी गुंडाळत बस!"

"तिच्यावर कशाला ओरडता?" आतून आवाज आला. जमादारीण उंबऱ्यात आली. "तिला मी थांबवलं."

"तू? कशाला?"

"रडायचं राहिलं होतं."

 मालकाला आठवलं असणार. मुलगी त्याचीही होती. मोडवाला समजूतदार, त्यानं गुपचूप तराजू गुंडाळला आणि गेला.

मी आता पुन्हा चुलीवर आहे. पातेल्यात गुरांचं पाणी तापतं. नावं सूनच घेते, त्याच लयीत, शताक्षीपाशीही न अडखळता. गोष्टी काम संपल्यावर, ओसरीत. तिथं आता सासूही बसते आणि मावशीपेक्षा जास्त प्रश्न विचारते. माझं मागणं एवढंच आहे, बायांनो आणि बाप्यांनो. रडायचं असेल तर रडा, पण आधी मला चुलीवरून उतरवा. आणि तुमचं तुमच्याकडून बिघडलं तर भांड्यावर ढकलू नका. आम्हाला तोंड नाही म्हणून आम्हाला काही कळत नाही असं नाही.

परवा विणकर नवं सूत न्यायला आला. खोली माणसांनी भरलेली. मावशी होती, मालक होता, गल्लीतल्या दोघी-तिघी होत्या. लाल बघून तो खूश झाला, पण मनातलं राहवेना.

"वहिनी, मागचं सूत नक्की कुणी घालवलं हो? मला कुणी कढई सांगतं, कुणी सूनबाई."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिनं घातली नाही. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "जमादारीण!"