चौदा पायऱ्या आणि एक जोड

आमच्या घराचा जिना मारला तो स्वच्छतेनं. तेरा वर्षं बायकोनं त्याला रोज साबणाच्या पाण्यानं पुसलं. लाकडावर इतकं प्रेम आजवर कुणी केलं नसेल, आणि लाकडाला ते सोसलं नाही. चौदाही पायऱ्या मधोमध पांढरट पडल्या आणि पाय ठेवला की गुळगुळीत लागू लागल्या.

ताईचं लक्ष तेवढ्यावर गेलं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे आणि सात वर्षांचा तो हिशेब तिनं अजून सोडलेला नाही. फोनवर तिनं दोनच वाक्यांत निकाल दिला. बाबांची खोली वर, डोळ्यांवर पडदा, पायऱ्या घसरड्या. तेव्हा बाबा तिच्याकडे. तिचं घर तळमजल्यावर आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. मी म्हटलं, जिना दुरुस्त करून घेतो. ती म्हणाली, घे की, तोवर आठ दिवस त्यांना इकडे पाठव. मावशीलाही तिनं आठ दिवसांसाठीच नेलं होतं. त्याला यंदा चार वर्षं होतील.

बाबांनी हे सगळं ऐकलं आणि वर जाऊन खिडकीशी बसले. ते भांडत नाहीत, वर जातात. त्यांचं सगळं म्हणणं त्या चौदा पायऱ्यांत असतं.

मोठ्या कंपनीचा माणूस आला, त्यानं गुळगुळीत कागदावरचे अठ्ठावीस तपकिरी रंग दाखवले आणि जिना चार दिवस बंद राहील म्हणाला. म्हणून मग तीन गल्ल्या पलीकडच्या रंगाऱ्याला बोलावलं. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. काहीही विचारलं तरी तो आधी ‘वाळू द्या’ म्हणतो, म्हणून सगळे त्याला वाळूद्याच म्हणतात. सोबत त्याचा मेहुणा असतो. तो बोलत नाही, घासतो.

वाळूद्यानं जिन्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली बसून एका पायरीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब लगेच आत गेला. त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं. ती त्याच क्षणी बादली उचलून मागच्या दारी गेली.

मी शिकलेला माणूस, म्हणून तक्ता करून ठेवला होता. एक दिवस विषम पायऱ्या रंगवायच्या, दुसऱ्या दिवशी सम. येणाराजाणारा एक सोडून एक चढेल. वाळूद्यानं तक्ता नीट वाचला, घडी करून परत दिला आणि बाबांना म्हणाला, जरा दोन पायऱ्या एकदम चढून दाखवा. बाबांनी पाय उचलला, हवेत थोडा वेळ ठेवला, विचार केला आणि होता तिथे परत ठेवला.

मग उरला एकच मार्ग: आधी भिंतीकडची अर्धी बाजू, ती वाळली की कठड्याकडची. वाळूद्याचा चेहरा पडला. भिंतीच्या रंगात जोड लपवता येतो, तो म्हणाला, लाकडाच्या रंगात लपत नाही. वाळलेल्यावर ओला हात चढला की तिथे गडद पट्टा उमटतो. लोक विचारणार, हे काम कुणाचं.

“अरे, मला कुठे दिसणार आहे,” बाबा म्हणाले.

“मला दिसेल ना, बाबा.”

त्या दिवशी दोघं नुसतं घासून गेले. दुसऱ्या सकाळी वाळूद्या चिकटपट्टीचं भेंडोळं आणि दोरी घेऊन आला. “जोड लपत नसेल, तर सरळ तरी काढू,” म्हणाला.

पुढचे दिवस घर कुणाच्या तरी झोपेत असल्यासारखं होतं. खुर्च्या-कपाटांवर चादरी होत्या; ती बसून होती की उभी, ते कळत नव्हतं. तेलाचा दाट, गोडसर वास गळ्यापर्यंत आला होता, आणि आम्ही सगळे त्यातून पाण्यातून चालावं तसे हळू चालत होतो. बायकोचासुद्धा आवाज चढत नव्हता. रंगाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात, म्हणून मेहुण्यानं ती दोरीवर एकेक पसरली होती. दुपारी उन्हात ती पिकल्या पानांसारखी हलायची. जिना अर्धा ओला, अर्धा कोरडा, भरतीनंतरच्या किनाऱ्यासारखा. बाबा कोरड्या बाजूनं उतरायचे. कठड्याची बाजू ओली असली की भिंतीला तळवा लावून यायचे, मी दोन पायऱ्या मागे. एकदा मध्येच थांबून त्यांनी विचारलं, आत धुकं आलंय का रे? मी चादरींकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

दोन्ही बाजूंना रंगाचे दोन-दोन हात झाले. कठड्याला वाळूद्यानं हातच लावला नाही; जे तेल लावायचं ते याला तुमच्या तळव्यांनी फुकटात लागलंय, म्हणाला. मग पट्टी निघाली. चौदाही पायऱ्यांच्या मधोमध बोटभर रुंदीचा काळसर पट्टा, वरपासून खालपर्यंत, आखल्यासारखा. वाळूद्यानं मान दुसरीकडे फिरवली.

रविवारी ताई आली, रिकामी बॅग घेऊन. वाळूद्या चादरींच्या घड्या घालत होता. घडी संपली तरी तीच पुन्हा घालत राहिला.

“हे मधोमध काय झालंय?” ताईनं विचारलं.

उत्तर वरून आलं. बाबा सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते. एक हात कठड्यावर, नजर खाली. मागे मी नव्हतो. त्यांना माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पण उजळ आणि गडद अजून दिसतं. पट्ट्यावर एक पाऊल, मग दुसरं. न चाचपडता, न मोजता.

“ती माझी वाट आहे,” बाबा म्हणाले. “बाजूला हो, उतरतोय.”

ताई बाजूला झाली. माझ्या आयुष्यात हे मी प्रथमच पाहत होतो.

बाबा खाली आले, पाणी प्यायले आणि फक्त आपल्याला येतं म्हणून परत वर गेले. ताईनं पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग जिना काय लावून पुसायचा ते वाळूद्याला विचारलं. नुसतं कोरडं मऊ फडकं, तो म्हणाला, आणि बायकोनं हे भिंतीकडे पाहत ऐकलं. मग ताई म्हणाली, तिच्या दारांच्या चौकटीही फिक्या पडल्यात, कधी येशील?

वाळूद्यानं आता कुठे जिन्याकडे नीट पाहिलं.

“आधी हे वाळू द्या,” म्हणाला.