धनराजभाऊंचा खांदा

"जाफर, गाडी काढ! माह्याबिगर अडलं तिथी!"

फोन ठेवता ठेवताच धनराजभाऊ ओरडले. सहा वेळा आमदार झालेला माणूस, आता घरी बसलेला. तिकीट कापलं गेलं आणि सगळे कार्यकर्ते कापरासारखे उडाले. उरलो मी, जुना ड्रायव्हर. आज वनखात्याच्या साहेबाने आठवण काढली होती. गोंडपिपरीकडच्या एका टोल्यावरच्या, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीवरच्या, चैतूला मोहफुलं वेचताना वाघाने मारलं होतं, आणि त्याची बायको मंगली प्रेत हलू देत नव्हती. नवे आमदार मुंबईला. "लोक तुमचंच ऐकतात," असं साहेब म्हणाला म्हणे. भाऊंनी इस्त्रीचा कुर्ता घातला, आरशात पाहिलं. मला हसू आलं, बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे ही रीतच पडून गेली आहे. वाघाने माणूस मारला, की नेता येऊन शब्द देईपर्यंत गाव प्रेत नेऊ देत नाही. भाऊ यायचे, हात जोडायचे, नोकरी, कुंपण, रस्ता, सगळं कबूल करायचे. त्यातलं किती झालं, ते मला विचारू नका.

डांबर संपलं तिथे साहेब, त्याची वनखात्याची माणसं आणि प्रेत न्यायची गाडी उभी होती. पुढे नुसती पायवाट. आम्ही चालत टोल्यावर पोचलो. मोहाच्या झाडाखाली खाटेवर गोधडीत चैतू होता. शेजारी मंगली, आजूबाजूला बाया आणि म्हातारी माणसं.

भाऊंनी हात जोडले. "मंगलीबाई, मी स्वतः मंत्र्याले भेटतो. नोकरी, रस्ता..."

"माह्या सासूच्या वक्ती बी हेच म्हटलं होतं तुमी," मंगली म्हणाली. "तिले बी वाघानंच नेलं, भाऊ."

भाऊंनी जोडलेले हात खाली घेतले. शेवटी मीच विचारलं, "मंग नेऊ काऊन नाई देत, बाई?"

"जंगलवाल्यायचा हात नाई लागू देत, एवढंच म्हटलं मी. आमची माणसं कुठी हायेत? सारे मिरची तोडाले तेलंगणात गेले. माहा भाऊ अन् दीर, दोघंच राह्यले. खाटेले चौघं लागतात."

घ्या! एवढा साहेबलोकांचा गोतावळा जमला, पण तिला कोणी धड विचारलंच नव्हतं.

भाऊंनी बाह्या सारल्या. खाटेचा पुढचा कोपरा त्यांनी खांद्यावर घेतला, मागचा मी; दुसऱ्या बाजूला मंगलीचा भाऊ आणि दीर. वाटेत दगडच दगड. भाऊंना धाप लागली.

"भाऊ, दम खा जरासा."

"चूप. चाल."

रोडवर साहेब हसत पुढे आला. "मानलं भाऊ! तुमच्या शब्दाला अजून वजन आहे."

त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं मला. भाऊ त्याच्याकडे पाहतही नव्हते.

चैतूला गाडीत ठेवलं, दीर सोबत चढला.

"परत कधी आणान?" मंगलीने विचारलं.

"शवविच्छेदन झालं की. दिवस बुडायच्या आत, इथपर्यंत," साहेब म्हणाला.

ती भाऊंकडे वळली. "पुन्हा चौघं लागतीन. तुमी याल न, भाऊ?"

'येतो' हा शब्द भाऊंच्या ओठावर आलेला मी पाहिला. तो त्यांनी गिळला. गाडी गेली आणि रिकाम्या खाटेजवळ ते तसेच मातीत बसले.

"चला भाऊ, गोंडपिपरीत दोन घास खाऊन येऊ," मी म्हणालो.

"तू जा. मी इथीच बसून राह्यतो."

त्या माणसासाठी माझा जीव तुटला. पण मंगलीही टोल्यावर परत गेली नाही. भरउन्हात ती भाऊंच्या समोर बसून राहिली, त्यांच्यावर नजर ठेवून.