गळ्याचं माप

"तंग झालाय म्हणे! तुम्ही फुगलात, त्याला माझा कोट काय करणार?" असं म्हणत शिंपीणबाईंनी कोट गिऱ्हाइकाच्याच अंगावर भिरकावला. गिऱ्हाईक तो काखेत मारून तरातरा निघून गेलं. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी मान वर केली नाही. या दुकानात त्यांना आरडाओरड्याची सवय होती. आधी बायकोच्या, आता लेकीच्या.

"मोठी तोफ थंडावली, आता धाकटी धडाडतेय," शेजारचा न्हावी म्हणायचा.

ते तिला फार लागायचं. काहीही होवो, आपण आईसारखं व्हायचं नाही, असं तिनं लहानपणीच ठरवलं होतं. पण गेल्या वर्षभरात डोकं भडकायला लागलं, छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले. सुईत दोरा जाईना, तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. आज रक्ताचा निकाल मिळाला होता. गिऱ्हाईक गेल्यावर ती वडिलांजवळ स्टूल ओढून बसली.

"बाबा, माझ्या गळ्यातली ग्रंथी जास्त काम करतेय. थायरॉईड. डोकं भडकतं ते त्यानंच. गोळ्या दिल्यात."

"बरी होशील ना?"

"होईन हो. पण हे घराण्यात असू शकतं म्हणे. आईला होतं का, विचारत होत्या." ती अडखळली. "आई भर थंडीत खिडक्या उघडायची. पोटभर जेवायची आणि तरी नुसती काडी. तिचेही हात कापायचे, बाबा."

वडिलांची सुई थांबली.

"गळा भरत चालला होता तिचा," ते हळूच म्हणाले. "कपडे शिवताना अंगात आत घ्यायचो आणि गळा तेवढा सैल सोडायचो. बोललो नाही कधी. बाईमाणसाला माप वाढल्याचं सांगू नये, एवढीच अक्कल मला."

उगाच बोलले, असं तिला झालं. आईवरचा बोल काढायला गेली, तर तो बाबांवर आला.

"तुम्हाला कसं कळणार होतं?"

ते ऐकतच नव्हते.

"मला वाटायचं, मी तिला मनातून नकोच होतो. म्हटलं, आपलं तोंड कमी दिसलं तर तेवढीच तिला शांतता. म्हणून हा कोपरा धरला." त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "म्हणजे ती माझ्यावर चिडलेली नव्हती?"

"सगळंच काही ग्रंथीचं नसेल हं. मोजे तुम्ही कुठेही टाकायचात."

ते हसले. हसता हसता डोळे पुसले.

"तुम्ही परगावी गेलात ना, की ती दिवसभर गप्प असायची," ती म्हणाली. "सारखी दारात यायची, आत जायची. मला वाटायचं, आज ओरड्यातून बरी सुटका झाली आपली. ती वाट बघत असायची हो."

 वडील गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पेलाभर पाणी घेऊन आले.

"गोळी घे."

"घेईन सावकाश."

"सावकाश नाही. आत्ता. माझ्यासमोर."

एवढ्या खणखणीत आवाजात ते कधी बोलले नव्हते. तिनं मुकाट्यानं गोळी तोंडात टाकली. ती खाली उतरेपर्यंत त्यांनी तिच्या गळ्यावरून नजर काढली नाही.