मशीनपाशी माणूस लागतं

शेवटी एकदाचा शेततळ्यावर माशांना आपोआप खाद्य घालणारा फीडर बसला आणि घरादारानं वर्षाराणीला सांगून टाकलं, ‘सुटलीस बाई!’ कशातून सुटली, ते मात्र कुणी विचारलं नाही. चाकणकडची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली, उरल्या तुकड्यात तिच्या नवऱ्यानं, ज्ञानेशनं, शेततळं खोदून रोहू-कटला सोडला. मासे सोडून हे साहेब गेले शिफ्टला. खायला कोण घालणार? वर्षाराणी, आणखी कोण!

आता माशांना हातानं खाद्य घालणं म्हणजे पाटी उपडी करून मोकळं होणं नव्हे. मूठभर दाणे फेकायचे आणि थांबायचं. मासे वर येऊन खातात का बघायचं, मगच पुढची मूठ. घाई केली की दाणे तळाला जाऊन कुजतात, पाणी नासतं. आणि थांबायचं म्हणजे बसायचंच की! रिकाम्या पोत्यावर, पाय पसरून. दिवसभरात तिच्या वाट्याला तेवढंच बसणं यायचं. बाकी पहाटेपासून भाकऱ्या, भाड्याच्या खोल्यांतल्या कामगारांचे डबे, धुणं, सासूचे गुडघे चोळणं. तळ्यावर तिला कुणी हाक मारत नसे, कारण ती कामावर असे.

फीडरनं नेमकं हे थांबणंच खाऊन टाकलं. वर निळं पिंप, खाली फिरती चकती, बाजूला टायमर. वेळ झाली की चकती गरगरते आणि दाणे थोडे थोडे करून लांबवर उडतात. सकाळी पिंप भरलं की झालं. पुतळाबाईंनी, म्हणजे सासूनं, दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, ‘आता सांजची मोकळीच हायेस. डबे वाढवू.’ मोकळी! वर्षाराणीला रडूच आलं असतं, पण रडायलाही बूड टेकावं लागतं.

मग एकदा दमट हवेत दाणे चिकटले आणि चकती अडली. वर्षाराणी गेली, काठीनं पिंप ठोकलं, दाणे सुटले, आणि सवयीनं ती पोत्यावर बसली. काय सुख ते! दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं, ‘आत्या, मशीन अडलंय, बघून येते.’ त्यानंतर मशीन रोजच अडायला लागलं. कडक ऊन का पडेना, संध्याकाळी त्याचं अडणं ठरलेलं.

पुतळाबाई वैतागल्या. त्यांचेही गुडघे बोलत होते, एकटीनं एवढी कणीक मळवेना. शेवटी पहिल्या शिफ्टहून आलेल्या ज्ञानेशला त्यांनी बूट काढायच्या आत पिटाळलं. ‘एकदाचं नीट कर ते, न्हाईतर परत देऊन ये.’

ज्ञानेश पाना घेऊन तळ्यावर आला तेव्हा वर्षाराणी पोत्यावरच होती. त्यानं पिंपाचं झाकण काढून दाणे चाळले. कोरडे खडखडीत. तेवढ्यात चकती गरगरली, दाणे पाण्यावर पसरले आणि मासे तोंडं वासून वर आले. मेलं इतकं झकास चाललं, की तिला त्याला लाथ घालावीशी वाटली.

‘चालतंय की,’ ज्ञानेश म्हणाला.

‘चालतंय.’ तिला आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. ‘रोजच चालतंय. मीच येऊन बसते हितं. लई दमते ओ मी.’

त्यानं पिंपाचं झाकण परत लावलं. कंपनीत तोही दिवसभर अशाच एका मशीनसमोर उभा असे. मशीन सगळं आपलं आपण करी, ह्यानं नुसतं उभं राहायचं, बसलं की सुपरवायझर ओरडे. त्याच्या पोटऱ्यांना गोळे आलेत, हे तिला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

त्याच्या खिशात फोन वाजला. पुतळाबाईंचाच. वर्षाराणी पोतं झटकत उठली. संपलं, आता इथं येणं नाही.

‘आये, न्हाई जमत,’ ज्ञानेश फोनवर म्हणाला. ‘मोटारच दगा देतीया. हितं रोज सांजचं माणूस लागणार.’ पलीकडून बराच आरडाओरडा झाला. ‘व्हय, वर्षाच. आन् डबे न्हाई वाढवायचे.’

फोन ठेवून त्यानं पाना गवतात टाकला, बूट काढले.

‘सरक जरा,’ म्हणाला.

पोतं एकाच्याच बसण्याएवढं होतं. ती सरकली, तर निम्मी मातीत. तो आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. घ्या! वर्षाराणीनं पाय पसरले. उद्या येताना दुसरं पोतं आणायचं, असं तिनं ठरवलं.