कोण्णी काही करत नाही

लोरेन्झ लढाईवर निघाला त्या सकाळी मी नेम धरला: जपमाळ पुरी झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. नेम अजून चालू आहे. लोरेन्झ नाही.

माझा धाकटा भाऊ. जर्मनीतलं, बाडेनमधलं खेडं सोडून आम्ही अमेरिकेत, आयोवात आलो तेव्हा तो बारा वर्षांचा होता. बोटीवर वादळ झालं तेव्हा बाकाखाली दडून बसला. आई वाकून म्हणाली, "ये रे बाहेर. कोण्णी काही करत नाही." इथेही तेच. ढग गडगडले, वळू सुटला, वडील चिडले, की लोरेन्झ जिन्याखाली आणि आई जिन्याशी. वडील गेल्यावर शेत त्यानेच ओढलं. एकविसाव्या वर्षी जर्मनीशी लढायला अमेरिकेच्या सैन्याचं बोलावणं आलं. "आता मी जिन्याखाली मावत नाही," म्हणाला, आणि गेला.

इकडे हुकूम निघाला: रस्त्यात, चर्चमध्ये, टेलिफोनवर जर्मन बोलायचं नाही. आईला दुसरी भाषाच येत नव्हती. कोंबडीने नऊ पिल्लं काढली, हे तिने शेजारच्या ओटिलियाला टेलिफोनवर सांगितलं. आमच्याकडे सगळ्या घरांना तार एकच. ज्याने त्याने उचलावं आणि ऐकावं.

रविवारी जेवणं उरकत होती तेवढ्यात अंगणात सहा मोटारी. पुढे हार्लन टटल. पेंडीचं दुकान त्याचं, आणि गावच्या निष्ठा समितीचा अध्यक्षही तोच. आईने आतून कडी घातली.

"बाहेर या, हूबरबाई! कोणी काही करणार नाही!"

"काय म्हणतोय गं?" आईने विचारलं.

मी सांगितलं. आमच्या भाषेत सांगताना तोंडातून तिचेच शब्द गेले. कोण्णी काही करत नाही. आईचा चेहरा निवळला. तिने कडी काढली.

आधी दाराला पिवळा रंग फासला; इकडे तो गद्दारांचा रंग. मग आईच्या एप्रनला. मग केसांना. टटल म्हणाला, "कळवा तुमच्या कैसरला, पिल्लं पिवळी निघाली!" केवढे हसले सगळे.

रॉकेलच्या बोळ्याने मी तिचे केस पुसत होते. आई एवढंच म्हणाली, "तो तसंच म्हणाला होता ना गं?"

दाराचा रंग तिने खरवडू दिला नाही. म्हणाली, "असू दे. लोरेन्झ येऊन बघेल."

ऑक्टोबरात लोरेन्झ फ्रान्समधल्या एका जंगलात पडला. मागून कॅप्टनचं पत्र आलं. समोर मशीनगनच्या खड्ड्यात जर्मन पोरं अडकली होती. त्यांना शरण यायला सांगायला लोरेन्झला पुढे धाडलं, कारण भाषा त्याची. तो उभा राहून ओरडला. अकरा जण हात वर करून बाहेर आले. बाराव्याने गोळी झाडली. लोरेन्झ काय ओरडला, तेही कॅप्टनने कानाला लागलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. मी अडखळत वाचलं.

आईने पाव कापायची सुरी खाली ठेवली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"हे चर्चमध्ये वाचायचं. त्याच्या मिसेला, त्याच्यासाठी प्रार्थना होईल तेव्हा. आहे तसं. मला दुसरं काही नको."

दोन दिवसांनी टटल आला. त्याच पिवळ्या दारातून, टोपी काढून. गावातला पहिला हुतात्मा, म्हणाला. पत्र समितीने आधी बघायला हवं. खिशातून पेन्सिल काढून त्याने एक ओळ खोडली.

"पत्र छान आहे, वालबुर्गा. फक्त हे एवढं नको."

"का नको, मिस्टर टटल?"

"जर्मन आहे ते."

"मरताना तो तेच बोलत होता."

"म्हणून तर नको."

मिसेला चर्च गच्च भरलं. माझा आवाज मुळात बारीक. फादर म्हणायचे, वालबुर्गाची पापं कबुलीच्या जाळीतून पलीकडे माझ्या कानापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून टटलने स्वतः उठून लोकांना गप्प केलं. त्याचे उपकार. पेन्सिलीच्या रेघेखालची ओळ मी त्याच्याकडे बघत वाचली. मग इंग्रजीत, त्यालाही कळावी म्हणून: "बाहेर या. कोणी काही करणार नाही."

त्याची मान लाल झाली. मग कान.

"पुरे!" तो उठला. "खाली बसा!"

उठली आई. टटलकडे वळून, आमच्या भाषेत, भर चर्चमध्ये म्हणाली, "मी आले होते बाहेर."

अर्ध्या चर्चला कळलं होतं. टटल या बाकाकडून त्या बाकाकडे बघत राहिला.

"काय म्हणाली ती?"

कोणी सांगेना. तो माझ्याकडे वळला. "वालबुर्गा, काय म्हणाली?"

मी पत्राची घडी घातली. "एकदा तुमचं भाषांतर केलं, मिस्टर टटल. आता नाही."

दार अजून पिवळंच आहे. रोज सकाळी मी त्याच्यासमोर माळ धरते. "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" इथवर आलं की जीभ अडते. मग पहिल्या घासाला उशीर होतो. कधी दुपार होते.