शाईतला गोठा

नेमीचंद आणि मी मुंबईला चित्रकला शिकताना एकाच खोलीत राहायचो. दुसऱ्या वर्षी त्याचे वडील गेले आणि तो चोपड्याला सरकी-ढेपेचं दुकान सांभाळायला परतला. मी पुढे जळगावात ड्रॉइंगमास्तर झालो.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा आमचं जुनं चित्रांचं पुस्तक सोबत नेलं होतं. त्यात इटलीतल्या कुणा जुन्या चित्रकाराचं एक चित्र होतं : गोठ्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई, भोवती वाकलेले मेंढपाळ. त्या काळी दोघांनी मिळून ते उतरवायचं ठरवलं होतं.

नेमीचंद ते पान बराच वेळ बघत राहिला. "हे राहूनच गेलं, जीवराम."

"मग आता करू."

"रंग कुठेत माझ्याकडे?"

"काळी शाई आणि पाणी पुरे. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा."

दुसऱ्या दिवशी मागच्या गोठ्यात आम्ही माणसं बसवली. मेंढपाळ झाला त्यांचा सालदार उखर्डू. थोड्याच वेळात कंबर धरून तो म्हणाला, "भाऊ, बठ्ठा दिन असंच वाकीसन उभं र्‍हावानं का?"

आई म्हणून नेमीचंदनं बायकोला, धनकुंवरला बसवलं. बाळाच्या जागी कापसाचं गाठोडं दिलं. माझ्यासमोर ती घुंगट वर करेना. मी म्हणालो, "वहिनी, मी गाय काढतो, तिकडे तोंड करून बसतो." मग तिनं पदर मागे घेतला.

वाट्यांत फिकी, मध्यम, दाट शाई कालवली. नेमीचंदचा हात सुरुवातीला अडखळला, मग सैल झाला. त्याच्या कागदावर गाय, भिंत, उखर्डूची पाठ उतरली. आईचा चेहरा तेवढा राहिला.

मागे एकदम शांतता झाली, म्हणून मी वळून पाहिलं. धनकुंवर त्या गाठोड्याला हलकेच थोपटत होती. त्यांचा मुलगा चार महिन्यांचा असताना गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली होती, घरात कुणी त्याचं नाव काढत नसे.

नेमीचंदनं ब्रश खाली ठेवला. "राहू दे आता," तो म्हणाला.

"काढा," ती म्हणाली. "मी बसलेय."

त्यानं फिक्या शाईत ब्रश बुडवला आणि तिच्याकडे बघत चेहरा काढला. पुस्तकाकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. पुसायची सोय नसलेल्या त्या शाईत एकही रेघ चुकली नाही.

चित्र वाळल्यावर धनकुंवरनं ते हातात घेतलं. "सुशील एवढाच होता," ती म्हणाली.

"थोडा मोठा," नेमीचंद म्हणाला, आणि तिच्या शेजारी चाऱ्यावर बसला. मग दोघं मुलाबद्दल बोलू लागली. उखर्डू आणि मी चहा सांगायला बाहेर आलो.